जनीचे जाते

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आम्ही हमालांच्या मजुरीवर किंवा १९६९ च्या माथाडी कायद्यावर बोलू, असे त्यांनी गृहीत धरले असावे. त्या कायद्याविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते आम्ही इतरत्र बोलतच असतो. परंतु दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी ऐकायला येणाऱ्या शहरातील मंडळींपुढे आपल्याच जिल्ह्यातील एका मोलकरणीची हकिकत मांडावी, असे आमच्या मनाने घेतले. तिचे नाव जनी आणि गाव गंगाखेड. संत जनाबाई असे आदराने म्हणण्याची आपली रीत आहे व ती योग्यच आहे. पण ती स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेत होती. तेव्हा दासी हा तिचाच शब्द धरून आम्ही पुढे जाणार आहोत.

तिच्या आयुष्याविषयी खात्रीने सांगण्यासारखे थोडेच आहे. गोदाकाठच्या गंगाखेडला दमा आणि करुंड या जोडप्याच्या पोटी तिचा जन्म झाला. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटी शिंप्याच्या घरी कामाला राहिली. त्याच घरात नामदेव वाढला. आणि १३५० साली पंढरपुरास तिचा अंत झाला, असे परंपरा सांगते. नामदेवाचे मूळ गाव नरसी. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, तोवर नरसीही परभणी जिल्ह्यातच मोडत होती. म्हणजे धनी आणि दासी दोघेही एकाच मुलुखाचे, आणि भेट झाली ती भीमेच्या काठी. पोटासाठी लांब जाणे ही आपल्या भागाची काही आजची रीत नव्हे.

जनीच्या नावावर तीनशेच्या वर अभंग आहेत. नामदेवाच्या गाथेत मिसळून ते आपल्यापर्यंत आले. त्यांतले सगळेच तिचे नसावेत, मागाहून इतरांनी रचून तिच्या नावावर घातलेलेही त्यांत असावेत, असे अभ्यासक म्हणतात. आमच्या मते यात जनीचे काही उणे होत नाही. शेकडो वर्षे अनामिक बायांना आपले बोलणे जनीच्या नावावर घालावेसे वाटले, हीसुद्धा इतिहासातील एक गोष्टच आहे.

हे अभंग आम्ही लहानपणापासून ऐकले होते. वाचले मात्र फार उशिरा. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यानंतर आम्ही वस्त्यावस्त्यांतून घरकाम करणाऱ्या बायांची नावे लिहून घेऊ लागलो. नाव, वय, किती घरे, काय काम. 'काय काम' असे विचारले की बाई हसायची. "काय म्हंजे? समदंच." मग एकेक खोदून विचारावे लागे : झाडणे, पुसणे, भांडी, धुणी, दळण आणणे, म्हाताऱ्या माणसाचे करणे. अशाच एका रात्री नोंदी उतरवून झाल्यावर आम्ही जनीचे अभंग प्रथम सलग वाचायला घेतले आणि त्यांत हीच यादी निघाली. अंगण झाडणे, केर भरून टाकणे, पाणी आणणे, दळणे, कांडणे, रानात जाऊन शेण वेचणे, गोवऱ्या थापणे, धुणे. मध्ये सुमारे सातशे वर्षे गेली होती.

त्या काळच्या इतर संतांनीही आपापला धंदा अभंगांत आणला आहे. सावता माळी होता, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी. पण त्यांच्या वाणीत धंद्यातले हत्यार पुष्कळदा रूपक होऊन येते. आरसा म्हणजे विवेक, अशा थाटाचे. जात्याचे एक रूपक जनीच्या नावावरही प्रसिद्ध आहे. तरीपण बहुतेक ठिकाणी तिचा केर हा केरच असतो आणि शेण हे शेण. तुळशीच्या बनात ती वेणी सोडून न्हायला बसते आणि देव तिच्या डोक्याला लोणी चोळतो, त्या अभंगातही आधी दिसतात ते तिचे गुंतलेले केस. स्वतःच्या डोक्याकडे बघायला जिला सवड नाही, अशा बाईचे केस.

येथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. विशी-पंचविशीत असताना आम्ही चळवळीच्या अभ्यासमंडळात बसत होतो आणि या सगळ्या कवितेला गुंगीचे औषध म्हणत होतो. धन्याच्या घरी देवच दळू लागला तर मजुरी मागायला कोण जाणार, असा आमचा सवाल असे. तो सवाल आम्हांला आजही खोटा वाटत नाही. त्याचे उत्तर मात्र आम्ही न वाचताच ठरवून टाकले होते.

देवाला जात्यापाशी आणून बसवणारी जनी काही पहिली नव्हे, आणि जात्यावरच्या गाण्याचा आरंभही तिच्यापासून झालेला नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, म्हणजे ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. जनीच्या आधी दीडदोनशे वर्षांची ही गोष्ट. 'ज्ञानेश्वरी' १२९० साली सांगितली गेली, ती ओवीत. ग्रंथातील ओवी आणि गळ्यातील ओवी यांत फरक आहे, हे आम्ही जाणतो. पण नाव एकच आहे, आणि उखळापाशी ते नाव आधीपासून नांदत होते. मराठीतला सर्वांत थोर ग्रंथ ज्या नावाच्या छंदात आहे, ते नाव कांडणाऱ्या बायांच्या तोंडून आले, हे आमच्या सभांतून आम्ही कधी सांगितले नाही. सांगायला हवे होते.

आता जनीच्या एका अभंगाकडे वळू. शब्द येथे देत नाही. आपल्यापैकी अनेकांना तो पाठ असेल. त्यात चार चित्रे आहेत. पक्षीण चाऱ्यासाठी दूर दिशांना जाते आणि पिलांसाठी परत येते. घार आभाळात फिरते, पण झेप घालायची ती पिलाकडे. आई घरकामात असते आणि तिचे चित्त बाळापाशी. वानरी झाडावर उड्या मारते, पिलू पोटाशी घट्ट धरलेले. तशी विठ्ठलाने आपल्याला क्षणोक्षणी जपावे, असे ती शेवटी म्हणते.

घार आणि वानरी पाहायला जनीला कोठे मुद्दाम जावे लागले नसणार. शेण वेचायला रानात जाणारी बाई मान खाली घालून चालते खरी, पण वाकलेली कंबर सरळ करण्यासाठी तिला अधूनमधून उभे राहावे लागते, आणि त्या वेळी दिसते ते आभाळच. चार चित्रांपैकी तीन रानातली आहेत आणि एक घरातले. आमचे लक्ष खिळले ते त्या घरातल्या चित्रावर.

हल्ली मोठ्या शहरांतून सजगता शिकवणारे वर्ग निघाले आहेत. कल्पना जुनी आहे. बुद्धाने आठ अंगांपैकी एकाला सम्यक् स्मृती म्हटले, आणि 'सतिपट्ठान सुत्ता'त चालणे, बसणे, खाणे या साध्या क्रियाही जाणिवेने करण्याचा उपदेश आहे. व्हिएतनामचे भिक्षू थिच न्हात हान यांनी १९७४ साली, देश युद्धात होरपळत असताना, आपल्या एका सहकाऱ्याला लांबलचक पत्र लिहिले. भांडी घासताना भांडीच घासावीत, नंतर मिळणाऱ्या चहाकडे मन धावू देऊ नये, असे त्यात सांगितले आहे. पत्र चांगले आहे. ते वाचून आम्ही आमच्या बायांच्या बैठकीत सांगितले, तर एक बाई म्हणाली, "भाऊ, पाचव्या घरची भांडी असली की मन तिथं कशाला ऱ्हाईल?"

त्या बाईच्या बोलण्याने जनीचा अभंग आम्हांला प्रथम कळला, असे म्हटले तरी चालेल. भिक्षू म्हणतात, हात जेथे तेथेच मन ठेवा. जनी सांगते ते वेगळे आहे. हात कामात आणि मन बाळापाशी. तरीही काम बिघडत नाही आणि बाळही विसरले जात नाही. भिक्षूने काम आपखुशीने हाती घेतलेले असते, दासीच्या हातात ते दुसऱ्याने दिलेले असते. तिचे लक्ष दोन ठिकाणी फाटणे हे तिच्या नशिबीच असते. त्या फाटलेल्या लक्षातूनच जनीने कविता केली. जात्याचा खुंटा धरलेला हात फिरतो आहे, मुठीने घास वैरला जातो आहे, पीठ जाड पडते की बारीक हे बोटांना कळते आहे, आणि त्याच वेळी जे सांगायचे ते सांगून होते आहे. याला गुंगी म्हणता येत नाही. गुंगीत वैरलेला घास जात्याच्या तोंडाबाहेर पडतो.

आणि जे सांगायचे ते काय होते? पुष्कळदा ते दुःखच होते. मायबाप दोघेही गेले, आता विठ्ठला तूच माझ्याकडे बघ, असे ती एका अभंगात म्हणते. तेथे तत्त्वज्ञान नाही. परक्याच्या घरी राहिलेल्या पोरीची ती साधी हकिकत आहे.

महिपतीच्या 'भक्तविजया'त (हा ग्रंथ १७६२ चा) जनीच्या ज्या कथा आहेत, त्यांतली चोरीची कथा आपण जाणता. देव तिच्या झोपडीत आला, जाताना आपले पदक विसरला आणि तिची वाकळ पांघरून गेला. सकाळी देवाच्या गळ्यात पदक नाही. संशय पहिल्याने गेला तो मोलकरणीवर. तिला सुळावर द्यायला नेले आणि सुळाचे पाणी झाले. चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. आमचे लक्ष त्याच्या आधीच्या भागाकडे जाते. वस्तू हरवली की प्रथम कोणाची झडती होते, हे ती कथा रचणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. काही वर्षांपूर्वी शहरातील एका घरी अंगठी हरवली आणि आमच्या संघटनेतील एका बाईला दोन दिवस चौकशीला बसवून ठेवले. तिसऱ्या दिवशी अंगठी कपडे धुण्याच्या यंत्राच्या रबरात सापडली. त्या बाईला ना काम परत मिळाले, ना कोणी दोन शब्द बोलले. जनीची कथा निघाली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तिचा सूळ तरी इरघळला."

कबीर जनीला भेटायला आला तेव्हा ती गोवऱ्यांवरून दुसरीशी भांडत होती, अशीही एक कथा सांगतात. ज्या गोवरीतून विठ्ठल ऐकू येईल ती माझी, असे जनी म्हणाली म्हणे. कबीर पंधराव्या शतकातला, तेव्हा ही भेट होणे शक्य नव्हते. पण काशीचा कोष्टी आणि गंगाखेडची दासी यांची गाठ लोकांनी आपण होऊन घालून दिली आणि मध्ये ठेवली ती गोवरी, याचे आम्हांला नवल वाटते. गोवऱ्यांवरून भांडणे हे संताला न शोभणारे आहे, असे त्या लोकांना वाटले नाही. ज्यांच्या चुलीला दुसरे जळण नसते, त्यांना तसे वाटणारही नाही.

येथवर जुना इतिहास झाला. आमच्या डोळ्यांदेखत घडलेला इतिहास थोडका आहे, पण सांगणे भाग आहे.

आमचे गाव गंगाखेडच्या बाजूचेच. आमची माय कोंबड्याच्या आधी उठून ज्वारी दळायची, आणि आम्हां पोरांची झोप जात्याच्या घरघरीत पुरी व्हायची. आम्ही सात-आठ वर्षांचे असताना आमची धाकटी बहीण पावसाळ्यात तापाने गेली. माय चारचौघांत रडल्याचे आम्हांला आठवत नाही. तिसऱ्या दिवशी ती निंदायला गेली होती. पुढे कित्येक दिवस पहाटेच्या ओव्यांत एक मैना यायची. ती अंगणातून गेली, तिची जागा रिकामी पडली, असे काहीतरी. आम्ही अंथरुणात पडून ऐकत असू, आणि उजाडल्यावर दारातल्या लिंबावर मैना दिसते का ते बघत असू. ओवीत लेकीला मैना म्हणतात, हे कळायला आम्हांला मोठे व्हावे लागले.

१९८१ च्या सुमारास गावात पिठाची गिरणी आली. इंजिनाचा ठोका शिवारभर ऐकू यायचा. ज्वारीचा पहिला डबा गिरणीत नेला तो आमच्याच डोक्यावरून, आणि आम्हांला त्याचा मोठा अभिमान होता. आजही आम्ही गिरणीला नावे ठेवणार नाही. घरच्या आठ माणसांचे पीठ रोज हाताने काढणे म्हणजे काय, हे ज्यांनी खुंटा धरला नाही त्यांनी सांगू नये. जात्याचा काळ गोड होता असे म्हणणारे बहुतकरून अंथरुणात पडून ऐकणारे होते, आणि त्यांत आम्हीही आलो. बायांच्या खांद्यावरचे एक ओझे उतरले. ते उतरायलाच हवे होते.

मात्र पहाटेची ती वेळ बायांना मिळाली, असे कोणी समजू नये. माय पूर्वीच्याच वेळी उठायची, आणि त्या वेळात दुसरी कामे येऊन बसली. काही दिवस ती मूठभर डाळ किंवा मीठ जात्यावर उगाच फिरवायची. मग तेही बंद झाले. टाकी लावणारा गावात यायचा थांबला, तळीचे दात झिजले, आणि जाते कुडाला टेकून उभे राहिले. मैना त्यानंतर आम्ही ऐकली नाही. ओझे उतरले तेव्हा त्याच्यासोबत आणखी काय गेले, हे आमच्या ध्यानात यायला वीस वर्षे लागली. मजुरी, तास, रजा हे सगळे मोजायला आम्ही शिकलो होतो. ही गोष्ट मोजण्याचे माप आमच्यापाशी नव्हते.

पुढे आम्ही वही घेऊन मायपाशी बसलो आणि ओव्या सांग म्हणालो. दोन सांगून ती अडली. "जातं फिरल्याबिगर आठवत न्हाई रं," ती म्हणाली. आम्हांला तो म्हातारपणाचा विसर वाटला. पण तसे नव्हते. ज्यांनी ज्यांनी ओव्या जमवल्या, त्यांना हा अनुभव आलेला आहे. ओवी डोक्यात ठेवलेली नसते. ती हाताच्या फेऱ्यात असते.

जमवणारे पुष्कळ झाले, हे आपले भाग्य. साने गुरुजींनी बायांच्या तोंडून ओव्या उतरून घेतल्या आणि त्या 'स्त्री-जीवन' या नावाने छापल्या. पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी १९८० नंतरच्या दशकात गावोगाव हिंडून हे काम मोठ्या प्रमाणावर आरंभले. मराठी मुलुखातील हजाराहून अधिक गावांतल्या बायांच्या एक लाखावर ओव्या त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी लिहून घेतल्या. १९९० नंतर बर्नार्ड बेल यांच्या मदतीने कित्येक ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉयतवाँ २००४ साली वारले, राईरकर २०१० साली. तो सगळा संग्रह आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संस्थेमार्फत लोकांपुढे येत आहे. जनीचे अभंग स्वतः विठ्ठल लिहून घेत होता, अशी कथा आहे. आम्ही ती पूर्वी हसण्यावारी नेत होतो. दळणाऱ्या बाईचे बोलणे कोणीतरी कागद घेऊन लिहावे, या इच्छेपोटी ती कथा निघाली असावी, असे आता वाटते.

त्या संग्रहात आपल्या जिल्ह्यातील ताडकळसच्याही ओव्या आहेत, सीतेच्या वनवासाच्या. सीतेचा वनवास हा जात्यावरचा फार मोठा विषय. अयोध्येचे राजकारण त्यात नसते. गर्भार बाई रानात एकटी आहे, टेकायला उशी नाही, रडणे ऐकायला माणूस नाही. मग बोरी आणि बाभळी बायका होऊन तिची समजूत घालतात. आपल्या बांधावरचीच काटेरी झाडे ती. वाल्मीकीच्या रानात अनेक वृक्ष असतील. पण दळणाऱ्या बाईला दुःख सांगायला जवळ होती ती बोर आणि बाभूळ, आणि सीतेच्या शेजारी तिने त्यांनाच नेऊन बसवले. जनीने आभाळातली घार पाहिली ती याच नजरेने.

चार वर्षांमागे आमच्या पुतणीचे लग्न घरच्या अंगणात झाले. हळदीसाठी कुडाजवळचे जाते बाहेर काढले, धुतले, खुंट्याला हळकुंड आणि सुपारी बांधली. टाकी लावणारा काही मिळाला नाही, म्हणून तसेच झिजलेले जाते मांडले. मायला धरून आणून बसवले. समोर आमची चुलती. दोघींनी खुंटा धरला आणि माय गणपतीची ओवी म्हणू लागली, मग खंडोबाची, मग पंढरीची. चार-पाच फेरे तिचा आवाज कापत होता, नंतर चांगला लागला. आम्ही मांडववाल्याशी खुर्च्यांच्या हिशेबाचे बोलत उभे होतो. एकाएकी मैना ऐकू आली. चाळीस वर्षांपूर्वीचीच ती, तेच अंगण, तीच रिकामी जागा. चुलतीने मायच्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "अक्का, लगीनघर हाय." जाते दोन फेरे नुसतेच फिरले. मग मायने पुढची ओवी नवरीच्या मामाची घातली.